जुना कोट मागवणाऱ्या साळवे मॅडम

साळवे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून आईच्या नव्या साडीचा धागा गॅसवर जाळत होत्या.

मी शाळेत होते. बाबांची नुकतीच दिल्लीला बदली झाली होती आणि आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला आलो होतो. समोरच्या ब्लॉकमध्ये एक मराठी बाई राहतात, कापडाच्या सरकारी लॅबमध्ये सायंटिस्ट आहेत, एवढं कळल्यावर आईने त्यांना लगेच चहाला बोलावलं. करोल बागेतून आणलेली साडी त्या दिवशी तिने मुद्दाम नेसली होती.

"प्युअर सिल्क आहे, रूथताई. दुकानदार ओळखीचा झालाय आता," आई म्हणाली.

"पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा काढू का? दिसणार नाही."

पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? मॅडमनी धागा चिमट्यात धरून ज्योतीला लावला. तो आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा, टणक मणी तयार झाला.

"सिल्क जळताना केस जळल्यासारखा वास येतो, वहिनी. हे पॉलिएस्टर आहे. साडी सुंदर आहे, खुशाल नेसा. फक्त ही नेसून गॅसपाशी येऊ नका. हे वितळून अंगाला चिकटतं."

आई बरेच दिवस नाराज होती, मॅडमवर कमी आणि दुकानदारावर जास्त. पण ती साडी नेसून ती परत कधी गॅससमोर उभी राहिली नाही. मी मात्र पडद्यांपासून बाबांच्या मोज्यांपर्यंत घरातल्या सगळ्याचे धागे जाळत सुटले. पुढे मी टेक्स्टाइल इंजिनिअरिंग घेतलं, तेव्हा बाबांनी आईला म्हटलं, "हे तुझ्या त्या साडीमुळे."

डॉ. रूथ साळवे यांचं माहेर नगरचं, शिक्षण मुंबईचं आणि नोकरी सगळी दिल्लीतली. भट्टीवर, वेल्डिंगवर, केमिकलच्या टाक्यांवर काम करणाऱ्या माणसांच्या अंगावर काय असावं, हा त्यांचा विषय. कोट, एप्रन, हातमोजे, डोक्यावरचे हुड. रिटायर झाल्यावर लोक पुण्याला फ्लॅट घेतात. मॅडमनी गाझियाबादच्या इंडस्ट्रियल एरियात एक छोटी टेस्टिंग लॅब काढली. "कारखाने इथे आहेत, मग मी पुण्यात जाऊन काय करू?" असं त्या विचारतात. या वर्षी त्यांना पंचाहत्तर पूर्ण होतायत. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी या गौरवग्रंथासाठी त्यांच्या रिसर्चवर लिहिलंच आहे. मी त्यांच्याकडे कामाला लागलेली सगळ्यात नवी मुलगी. मला जे दिसलं, ते मी सांगते.

लॅबमध्ये मॅडमचा एक नियम आहे. ज्याची रिपोर्टवर सही, त्याने तो कपडा आधी स्वतः घालायचा. तोही एसीत नाही. मे महिन्यात, भर दुपारी, लॅबच्या गच्चीवर. माझ्या वाट्याला पहिल्यांदा आला तो भट्टीचा पूर्ण सूट, वर हुड, हातात जाड हातमोजे. मॅडम छत्रीखाली खुर्ची टाकून बसल्या होत्या. शेजारी लिंबू सरबताचा जग.

"पाना घे. तो नट काढ आणि परत बसव."

बसवला.

"आता शिडी चढ."

"मॅडम, घाम डोळ्यांत जातोय."

"मग पूस."

हातमोज्यातला हात मी वर नेला आणि तो हुडच्या काचेवर आपटला. मॅडम हसल्या नाहीत. "हेच लिही रिपोर्टमध्ये. आपल्या मशीनला घाम येत नाही, म्हणून तिला हे कळत नाही." सूट उतरवल्यावर सरबताचा पहिला ग्लास त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला आणि माझा चेहरा नॉर्मल होईपर्यंत मला जिना उतरू दिला नाही. गेल्या वर्षीपर्यंत त्या स्वतःही सूट घालायच्या. डॉक्टरांनी आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ते बंद करवलं, तेव्हा आठवडाभर त्यांचं आमच्याशी कामापुरतंच बोलणं होतं.

त्यांचं घर म्हणजे दुसरी लॅबच. बाबांची नागपूरला बदली झाली आणि क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा आई माझ्या राहण्याच्या काळजीत होती. मॅडमनी फोनवर विषयच संपवला. "ईशा माझ्याकडे राहील. तिची आवडती उशी तेवढी पाठवा." मी त्यांच्याकडे राहते, त्यांच्या हातची वांग्याची भाजी खाते, आणि ख्रिसमसच्या करंज्या करताना सारण जास्त भरते म्हणून ओरडा खाते. माझ्या नायलॉनच्या नाइटीला मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात एंट्री नाही. "चहा हवाय? मग आधी सुती काहीतरी घालून ये." बिल्कुल सूट नाही, पाहुण्यांनासुद्धा.

पण मॅडम नक्की काय आहेत, ते मला कळलं सतबीरजींच्या कोटामुळे.

सतबीरजी गाझियाबादच्याच एका फाउंड्रीत काम करतात. वितळलेलं लोखंड भट्टीतून ओततात, तिथे सगळ्यात पुढे ते उभे असतात. कंपनीने तिथल्या लोकांना आग न पकडणाऱ्या सुती कापडाचे, आमच्याच लॅबने पास केलेले कोट दिले होते. त्याच कापडाचे आणखी कोट घ्यायचे होते, म्हणून नवं सॅम्पल आमच्याकडे टेस्टला आलं. ज्योत लावली आणि काढली की कापड लगेच विझायचं. लॅबच्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा धुतलं, तरी विझायचं. मी रिपोर्ट टाइप केला. फाउंड्रीचे मॅनेजर खन्ना साहेब रोज फोन करत होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आता वापरातला एक कोट मागव."

"मॅडम, कापड तेच आहे."

"कापड तेच आहे. कोट तोच नाही."

ही त्यांची जुनी सवय. त्या म्हणतात, नवा कपडा म्हणजे कांदेपोह्यांना आलेला मुलगा. त्या दिवशी तो चांगलाच वागणार. खरं काय ते चार महिने संसार केल्यावर कळतं. म्हणून सही करण्याआधी त्या कोणत्याही कारखान्याकडून अंगावरचा, रोजचा, मळका कपडा मागवतात.

सतबीरजी स्वतःच कोट घेऊन आले. मळका नव्हता. स्वच्छ धुतलेला, कडक घडी घातलेला. "एकदम साफ है, मैडम. घरवाली हर इतवार धोती है," ते कौतुकाने म्हणाले. आम्ही आतल्या शिलाईजवळून एक पट्टी कापली, स्टँडला लटकवली आणि खालून ज्योत लावली. ज्योत काढली. पट्टी विझली नाही. आग सरळ वरपर्यंत धावत गेली.

सतबीरजी पट्टीकडे बघत राहिले, मग हातातल्या कोटाकडे.

"यही पहनके मैं कल भट्ठी पे खड़ा था," ते हळू आवाजात म्हणाले.

मॅडमनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "आप घर ले चलेंगे हमें? अभी?"

आम्ही ऑटोने त्यांच्या घरी गेलो. त्यांच्या पत्नी कमलेशजींनी आम्हाला अंगणातला नळ दाखवला, धुवायचा दगड दाखवला, साबणाची वडी आणि ब्रश दाखवला. पाणी बोअरचं. "बाकी लोगों के कोट देखो जी, काले पड़े हैं," त्या म्हणाल्या. "मैं तो दो-दो बार साबुन लगाती हूँ." मॅडम पाटावर बसल्या, दगडावरून हात फिरवला, कोटाची बाही बोटांत चोळली. बोटांवर पांढरी पूड आली.

गाझियाबादचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की साबण त्यात नीट विरघळत नाही. त्याचा चिकट थर होतो आणि तो कापडात बसून राहतो. कापड आग पकडत नाही, पण तो थर पकडतो. म्हणजे जिथे कोट जास्त मायेने धुतला, तिथे धोका जास्त. आमच्या मशीनमध्ये सॉफ्ट पाणी असतं आणि मोजून घातलेली पावडर, म्हणून आमचं सॅम्पल पास होत राहिलं.

मॅडमनी हे साध्या हिंदीत समजावलं, तसा कमलेशजींचा चेहरा उतरला.

"मतलब इनका कोट मैंने बिगाड़ा?"

"नहीं बेटा. इधर आओ." मॅडमनी कॉलर उलटी करून आतली छोटी पट्टी दाखवली. "ये पढ़ो."

"ये तो अंग्रेज़ी है."

"इसमें लिखा है कि साबुन नहीं लगाना. किसको बताया हमने? किसी को नहीं. ये पट्टी मेरी लैब ने पास की थी. गलती मेरी है, तुम्हारी नहीं." मग माझ्याकडे वळून मराठीत, अगदी हळू, "ईशा, हे आपण कोणासाठी लिहिलं होतं गं?"

कमलेशजींनी चहा केला. तो प्यायल्याशिवाय मॅडम उठल्या नाहीत.

त्याच आठवड्याच्या सुट्टीत मॅडमनी सतबीरजींच्या शिफ्टचे सगळे कोट लॅबमध्ये आणवले. सॉफ्ट पाणी, गरम धुलाई आणि शेवटी व्हिनेगरसारखं आंबट पाणी, म्हणजे साबणाचा थर सुटतो. लॅबला लोणच्याच्या दुकानासारखा वास येत होता. मॅडम बाही वर करून टबापाशी उभ्या होत्या, कोणी खुर्ची दिली की तिच्यावर कोट ठेवायच्या. सतबीरजींच्या कोटाची नवी पट्टी कापून ज्योत लावली. विझली. सोमवारी ते तोच कोट घालून कामावर गेले.

पण पुढच्या रविवारी काय? कोट घरी गेला की पुन्हा तेच होणार. मॅडमनी खन्ना साहेबांना सांगितलं, धुलाई कारखान्यातच करा, नाहीतर माझी सही मिळणार नाही.

"मैडम, कपड़ा तो पास है ना? घर में कौन कैसे धोता है, वो हमारी ज़िम्मेदारी थोड़ी है."

"खन्ना साहब, भट्ठी के सामने आपका नया सैंपल नहीं खड़ा होता. सतबीर जी खड़े होते हैं, पुराना कोट पहनके."

"फिर तो दूसरी लैब देखनी पड़ेगी."

"ज़रूर देखिए." मॅडमनी ड्रॉवरमधून जळलेली पट्टी काढून त्यांच्यासमोर ठेवली. "ये भी ले जाइए. उनको दिखाने के काम आएगी."

ते पट्टी घेऊन गेले. मला वाटलं, गेलं काम. मॅडम मात्र शांतपणे दुसऱ्या हातमोज्यांची टेस्ट लावत होत्या. काही दिवसांनी खन्ना साहेब परत आले. जळलेली पट्टी त्यांनी मॅडमच्या टेबलावर परत ठेवली. कारखान्यात वॉशिंग मशीन आणि पाण्याचा सॉफ्टनर बसवायचं ठरलं.

आणि मग कामगारच नाही म्हणाले. सगळ्यात आधी सतबीरजी. "मैडम, वहाँ सबके कोट मिल जाएँगे. दूसरे का पसीना कौन पहनेगा?"

खन्ना साहेबांनी मॅडमकडे असं बघितलं की जणू म्हणतायत, देखा? पण मॅडमना हे एकदम पटलं. "बरोबर बोलतायत ते. मी तरी घालीन का?" त्यांनी प्रत्येक कोटावर छातीशी नाव शिवून द्यायचं ठरवलं. साधा धागा नाही चालणार, कारण तो वितळला तर नावच अंगाला चिकटेल. म्हणून आग सहन करणारा धागा आणला. मॅडम स्वतः एकेकाला विचारत होत्या, नाव कसं लिहायचं, आडनाव हवं का. एकाला "पप्पू" हवं होतं, त्याला "पप्पू" मिळालं. धुण्याची सूचना आता मोठ्या हिंदी अक्षरांत, चित्रासकट, बाहेरच्या बाजूला असते. आमच्या लॅबमधून जाणाऱ्या प्रत्येक कपड्यावर. पहिल्या सूचनेचा मजकूर मॅडमनी कमलेशजींना मोठ्याने वाचायला लावला, आणि त्या जिथे अडखळल्या तो शब्द बदलला.

या हिवाळ्यात फाउंड्रीत ओतताना लोखंड उसळलं आणि सतबीरजींच्या उजव्या बाजूवर पडलं. खन्ना साहेबांचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. मॅडमनी ताट सरकवलं. "आग लागली का कोटाला?" एवढंच त्यांनी विचारलं. नाही लागली, ते म्हणाले. बाही करपली, मनगटाजवळ थोडं भाजलंय, डॉक्टरने पट्टी करून घरी पाठवलं. मॅडम तरीही निघायला उठल्या. त्या चपला शोधत होत्या तेवढ्यात दुसरा फोन वाजला. सतबीरजी स्वतः.

"मैडम, नमस्ते. मेरे कोट की बाँह खराब हो गई. खन्ना साहब बोल रहे हैं, नया आने में टाइम लगेगा. आप ज़रा उनको बोल दो ना. और नाम वही वाला चाहिए, छाती पे, मोटे अक्षर में."

मॅडम खुर्चीत बसल्या. "बोलती हूँ. हाथ कैसा है?"

"हाथ ठीक है जी. कोट का देखो आप."

फोन ठेवून त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग माझ्यासमोरचं ताट बघून म्हणाल्या, "थंड झालं की गं. गरम करून आणते."

ज्यांच्या कामामुळे माणसं संध्याकाळी घरी येऊन कोटाबद्दल तक्रार करू शकतात, त्यांना आम्ही शुभेच्छांपेक्षा मोठं काय देणार? मॅडम, अशा तक्रारींचे फोन तुम्हाला अजून खूप खूप वर्षं येत राहोत. गुडघे तुम्हाला कारखान्यांचे जिने चढू देवोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलायला तुम्ही आमच्यात असावं, हीच आम्हा सगळ्यांची मनापासून प्रार्थना.