मातिऊच्या पायांची गोष्ट

रोतोइती तळ्यावर कयाक, म्हणजे शेंगेसारख्या अरुंद होड्या, घेऊन पाहुण्यांना फिरवणारे पुष्कळ होते, पण पिरिहिराच्या मागून वल्हवत गेलेला माणूस पोट धरून हसल्याशिवाय काठाला लागत नाही, अशी तिची ख्याती होती. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली बाई. आवाज असा, की या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या कुरणातल्या गायी मान वर करतील.

पण हे तिला पहिल्यापासून येत नव्हतं. आधी कितीतरी वर्षं ती रोतोरुआ शहरात मोटेलच्या खोल्या आवरत होती. पाठ धरायला लागली, मुली सिडनीला गेल्या, तेव्हा तिने कुणाच्या तरी शेडमध्ये पडून असलेल्या जुन्या कयाक घेतल्या आणि हा उद्योग मांडला. तळं तिला तळहातासारखं माहीत होतं, पण बोलायचं म्हटलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. "हा कडा. ही वाफ. ते गरम पाणी. हात घालू नका." इतकं बोलून झालं की संपलं. पाहुणे जांभया द्यायचे. पहिल्या उन्हाळ्यात तर तिला वाटायला लागलं होतं, बाई, खोल्याच बऱ्या होत्या.

मग एके दिवशी वाफेच्या खाडीत कयाक थांबवून ती नेहमीप्रमाणे गप्प बसली होती. कड्याच्या भेगांतून वाफ फुसफुसत होती, वर झाडीत उकळत्या चिखलाची कुंडं बुडबुडत होती. कुणीतरी विचारलं, "या चिखलात कधी कुणी पडलं आहे का हो?" आणि पिरिहिरा बोलून गेली, "पडला होता की. माझा मावसभाऊ. मातिऊ."

सगळे माना वळवून तिच्याकडे बघायला लागले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी तिच्याकडे असं बघत होतं. खरं काय घडलं ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"मातिऊ म्हणजे खादाडांचा राजा! आम्ही इथे वाफेवर जेवण शिजत घातलेलं. डुकराची अख्खी तंगडी, टोपलीत बांधून. दोर सुटला आणि टोपली गडगडत चिखलात! आम्ही म्हटलं, जाऊ दे रे, रताळी खाऊ. पण ऐकेल तर मातिऊ कसला? घेतली ना उडी! बाहेर आला तेव्हा तंगडी हातात, आणि त्याच्याच दोन तंगड्या शिजलेल्या!"

पाहुणे इतके हसले की एकाची कयाक कलंडता कलंडता राहिली. त्या दिवसापासून पिरिहिराची जीभ सुटली ती सुटलीच. गोष्टीला रोज नवी फोडणी बसायची. कधी मातिऊची विजार चिखलातच राहायची, कधी तो तसाच पळत मराएवर, गावाच्या सभेच्या अंगणात, पोचायचा आणि तिथे पाहुण्यांच्या स्वागताची भाषणं चाललेली असायची. मातिऊमुळे तिचा धंदा उभा राहिला म्हणायला हरकत नाही.

खरं घडलं होतं ते असं. मातिऊ तेव्हा विशीतला होता, जंगलात लाकूडतोडीवर कामाला. सुटीच्या दिवशी तो आणि पिरिहिरा त्या खाडीच्या वरच्या रानात डुकराच्या शिकारीला गेली होती. मातिऊची कुत्री, क्वीनी, एका माजलेल्या डुकराच्या मागे धावली. डुक्कर तिथलं सराईत, कुंडाच्या कडेकडेने निसटलं. क्वीनीच्या पायाखालचं, उकळत्या चिखलावरचं वाळलेलं कवच मात्र फुटलं. पिरिहिरा किंचाळेपर्यंत मातिऊ आत उतरला होता. मांड्यांपर्यंत. कुत्रीचा पट्टा त्याच्या हाती लागला, कुत्री लागली नाही. त्यानंतर तो कितीतरी महिने दवाखान्यात होता. लाकूडतोड सुटली. पुढे तो शाळेची बस चालवायला लागला, लग्न केलं नाही, आईपाशीच राहिला. भर उन्हाळ्यातही कुणी त्याला आखूड चड्डीत पाहिलं नाही.

हे सगळं पिरिहिराने डोळ्यांनी पाहिलेलं. पण खोटी गोष्ट रोज सांगता सांगता खरी मागे पडत गेली. मातिऊच्या कानावर काही जात नाही, अशी तिने स्वतःची समजूत घालून घेतली होती. शिवाय तो रोज यायचा की! सकाळी पोरांना शाळेत सोडलं, की बस काठावर उभी करायचा, तिच्या कयाक ट्रेलरवरून उतरवू लागायचा, चहा प्यायचा. पाहुण्यांशी मात्र बोलायचा नाही. पिरिहिरा त्याला दर आठवड्याला म्हणायची, "चल ना रे एकदा, फुकट नेते!" तो मान हलवायचा. मग ती पाहुण्यांना डोळा मारून म्हणायची, "बस चालवतो, पण पाण्याला घाबरतो बिचारा!" तोही हसायचा.

तिकडे उन्हाळा फेब्रुवारीत सरतो; अशाच एका फेब्रुवारीत ब्रिस्बेनहून एक ग्रॅहम नावाचा गृहस्थ आला होता, बायकोला घेऊन. मोठा हौशी माणूस. खाडीतली गोष्ट ऐकून त्याला हसू आवरेना. परत काठाला लागेपर्यंत तो मध्येच "तंगडी!" म्हणायचा आणि पुन्हा सुरू. त्या दिवशी शाळा लवकर सुटणार होती, म्हणून मातिऊ बस घेऊन तिथेच थांबला होता. कयाक वर ओढायला तो पाण्यापाशी आला, आणि पिरिहिरा सवयीने ओरडली, "मातिऊ, ती पिवळी आधी धर!"

ग्रॅहमने वळून पाहिलं.

"मातिऊ? तुम्हीच का ते? डुकराच्या तंगडीवाले?"

मातिऊने एकदाच पिरिहिराकडे पाहिलं. रागाने नाही. एखाद्याने ओळखीचं दार ठोठावावं आणि आतून परक्याने उघडावं, तसं.

मग तो ग्रॅहमकडे वळला आणि हसला. "मीच तो. पण एक सांगतो, तंगडी शिजली होती मात्र फार मऊ!"

ग्रॅहमने टाळीच दिली. बायकोला हाक मारली, मातिऊच्या खांद्यावर हात टाकला, फोटो झाले. "आणि विजार? विजार सापडली का हो?" "अजून शोधतोय," मातिऊ म्हणाला. पिरिहिराची अब्रू राखायला तो माणूस स्वतःवर हसत होता, आणि तिला मध्ये पडून 'पुरे' म्हणायचा धीर होत नव्हता. जमीन दुभंगावी असं तिला वाटलं. त्या गावात ती अधूनमधून दुभंगतेही, पण नेमकी तेव्हा नाही.

पाहुणे गेले. मातिऊने सगळ्या कयाक ट्रेलरवर चढवल्या, दोर आवळले, गाठ दोनदा ओढून पाहिली.

"चहा टाकते," पिरिहिरा म्हणाली.

"पोरं खोळंबतील," तो म्हणाला आणि बसकडे गेला.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी बस काठाच्या रस्त्याने गेली, थांबली नाही. पिरिहिरा एकटीने कयाक ओढत राहिली. त्या दिवशीही पाहुण्यांना तिने तीच गोष्ट सांगितली, कारण खाडीत थांबल्यावर दुसरं काही सुचेचना. पण निम्म्यावर येऊन ती थांबली आणि पाणी प्यायचं निमित्त करून बसली.

रविवारी तळलेले पाव फडक्यात बांधून ती मावशीच्या घरी गेली. रिपेका मावशी, मातिऊची आई, ओट्यावर बसून रताळी सोलत होती. नजर अधू झालेली, पण हात चालूच.

"पाव आणलेस? म्हणजे काहीतरी घोळ करून आलीस," मावशी म्हणाली.

"मावशी, मी ती गोष्ट..."

"कळलंय मला. दुकानातल्या पोरीने दोन वर्षांमागेच सांगितली. तिला वाटलं मला हसू येईल."

पिरिहिरा मावशीशेजारी टेकली. "मातिऊला पण माहीत होतं?"

"माझ्याआधी. गाव केवढं आपलं?" मावशीने रताळं पाण्यात टाकलं. "त्याच्या पायांची कातडी चादरीला चिकटायची. मी कोमट पाणी सोडून सोडून ती सोडवायची. तो उशी चावायचा. तू यायचीस बघ तेव्हा, दारातूनच परत जायचीस."

"चुकलं माझं, मावशी."

"मला काय सांगतेस? मी काय त्याचे पाय आहे का? तो मागे लाकडं फोडतोय, जा."

मातिऊने तिला येताना पाहिलं आणि कुऱ्हाड ओंडक्यात रोवून ठेवली. पिरिहिराने वाटेत काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य तिला आठवेना.

"तुला माहीत होतं, तरी रोज यायचास," ती म्हणाली.

"कयाक जड आहेत तुझ्या."

"बोललास का नाही मला? शिव्या घालायच्यास!"

"काय बोलू? लोक हसत होते, तुझं चाललं होतं. मला वाटलं, माझे पाय कुणाच्या तरी उपयोगी पडले." त्याने हातावरचा भुसा झटकला. "एक विचारू? ती तंगडी तू आणलीस कुठून?"

"म्हणजे?"

"क्वीनीला का काढून टाकलंस?"

"कुत्र्याची गोष्ट सांगितली तर लोक रडले असते," पिरिहिरा म्हणाली.

"मग रडू द्यायचं होतं की. इतक्या वर्षांत तिचं नाव कुणी घेतलं नाही. आईसुद्धा घेत नाही, मला त्रास होईल म्हणून. ती कशी होती, ते माझ्याशिवाय फक्त तुला माहीत. आणि तू तिच्या जागी डुकराची तंगडी ठेवलीस." त्याने कुऱ्हाड उपसली. "पाव आईजवळ ठेव. गार होतील."

त्या आठवड्यात पिरिहिराने खाडीत खरी गोष्ट सांगितली. क्वीनीचा एक कान फाटलेला होता, ती बुटांवर डोकं ठेवून झोपायची, हेही सांगितलं. कुणी हसलं नाही. पुढच्या कयाकमधली एक बाई हुंदके देऊन रडली. उतरल्यावर तिने पिरिहिराला मिठी मारली आणि म्हणाली, "साऱ्या सहलीत हेच सगळ्यात सुंदर होतं." पिरिहिराला कसंसंच झालं. पाय विकून झाले, आता कुत्री विकायला काढली, असं तिच्या मनात आलं आणि ते काही केल्या जाईना. त्यानंतर तिने खाडीत काही सांगणंच सोडलं. कुणी 'ती मातिऊची गोष्ट' मागितलीच, तर म्हणायची, "ती माझी नाही." पाहुणे हिरमुसायचे. सहली पुन्हा थोड्या मुक्या झाल्या.

तरी आत खात होतंच. एका संध्याकाळी ती बसच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"चल माझ्याबरोबर तळ्यावर. दोघंच. पाहुणे नाहीत, कुणी नाही."

"नाही जमायचं."

"अजून रागावलायस?"

"अगं बाई, गुडघे पुरते वळत नाहीत माझे! कातडी ओढून ओढून शिवलीय डॉक्टरांनी. तुझ्या त्या शेंगेत बसू कसा मी?"

पाण्याला घाबरतो, म्हणून तिने त्याला किती वेळा, किती लोकांसमोर चिडवलं होतं! प्रत्येक वेळी तो हसला होता. एक अपराध निस्तरायला जावं, तर त्याखालून दुसरा वर येत होता.

हिवाळा तोंडावर आला, पाहुणे आटले, तेव्हा तिने शेजाऱ्याची सपाट बुडाची पत्र्याची होडी मागून घेतली आणि न विचारता मातिऊच्या दारात ट्रेलर उभा केला. त्याने तिला बराच वेळ ताटकळत ठेवलं. शेवटी गळ खांद्यावर टाकून आला. होडीत चढताना त्याने दोन्ही हातांनी एक पाय उचलून आत ठेवला, मग दुसरा. पिरिहिराने हात पुढे केला, तो त्याला दिसला नाही की त्याने मुद्दाम पाहिला नाही, कुणास ठाऊक.

थंडीमुळे सगळ्या काठाने वाफ उभी होती. पिरिहिराने मोटर चालू केली आणि होडी खाडीकडे वळवली. तिच्या मनाने घेतलं होतं, तिथे जाऊन क्वीनीचं नाव घ्यायचं, एक कराकिया, जुनी प्रार्थना, म्हणायची, तिच्या नावाने पाण्यात डहाळी सोडायची. डहाळीही तिने आणली होती, जॅकेटच्या आत.

"तिकडे नको," मातिऊ म्हणाला.

"पण मी म्हटलं..."

"तुला जायचंय तिकडे. मला मासे धरायचेत."

तिने होडी फिरवली. डहाळी जॅकेटमध्येच राहिली. दोघं मधल्या पाण्यात थांबली. मातिऊने गळ टाकला आणि बसच्या ब्रेकविषयी बोलायला लागला: मेकॅनिक कसा गाढव आहे, पोरं मागच्या बाकावर काय काय कोरून ठेवतात. पिरिहिरा हुंकार देत राहिली. गळाला एक ट्राउट लागला, तो त्याने ओढून घेतला. दुसरा निसटला, तेव्हा त्याने तिलाच शिव्या घातल्या, होडी हलवलीस म्हणून. ते ऐकून तिला जरा बरं वाटलं.

परत वळायच्या आधी तिने मोटरीवर हात ठेवला, पण ती चालू केली नाही.

"मातिऊ. माझं चुकलं. पायांचं, क्वीनीचं, घाबरट म्हणायचे त्याचं. सगळंच."

तो गळाचा दोर गुंडाळत होता. गुंडाळून झाला तेव्हा म्हणाला, "ऐकलं."

ती वाट पाहत राहिली. 'असू दे' म्हणेल, 'जाऊ दे गं' म्हणेल. तो काही म्हणाला नाही. त्याने मासा तिच्या पायाशी सरकवला, कॉलर वर केली आणि दक्षिणेकडे भरून आलेल्या ढगांकडे बोट दाखवलं. पिरिहिराने मोटरीची दोरी खेचली.