सहावीतल्या मुलांना ‘ए’ कशाचा?

इगतपुरीच्या फलाटावर अण्णा गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभे होते. रुळांच्या देखभालीत जन्म गेलेला माणूस. मुलगी शिक्षिका होऊन नाशिकला चालली, हे त्यांनी फलाटावरच्या हमालालाही सांगितलं. “तिथं लय मोठ्या शाळा हायेत. तुलाबी शिकायला मिळंल,” म्हणाले.

मिळालं. म्हणूनच लिहिते आहे, इगतपुरीत मागे राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना, आणि मुलांच्या शाळेसाठी गाव सोडून इथं फ्लॅट घेतलेल्यांनाही.

एका इंग्लिश मीडियम शाळेत मला सहावी मिळाली. मराठी, इतिहास, भूगोल. सहावीतली मुलं फार गोड असतात हो. हडप्पाच्या गटारांवर झाकणं होती का, म्हणून तास अडवून धरतात. अक्षवृत्तं काढायची म्हणून मोसंब्यावर स्केचपेन चालवतात आणि मग तेच मोसंबं खातात.

दिवाळीनंतर ‘फाउंडेशन’ आलं. अकरा वर्षांच्या मुलांची इंजिनिअरिंग प्रवेशाची तयारी! माझे सगळे तास गणित-सायन्सला गेले. अपूर्णांकांची बेरीज चुकणारी मुलं आठवीची समीकरणं पाठ करू लागली. मी टेस्टच्या वेळी नुसती पहाऱ्याला.

निकालाच्या आधी प्रिन्सिपल मॅडमनी बोलावलं. “तुमच्या तिन्ही विषयांत सगळ्यांना ए टाका.”

“पण मॅडम, दिवाळीनंतर शिकवलंच नाही. परीक्षाही झाली नाही.”

“कुणी विचारतंय का?”

पालकसभेत मीच उठून हे सगळं सांगितलं. वाटलं, आईबाप चिडतील. एक वडील हसत म्हणाले, “टीचर, हिस्ट्रीनं पॅकेज मिळतं का?” हॉल हसला. एक आई म्हणाली, “मराठीचं काय एवढं? कामवालीशी बोलण्यापुरतं येतं आमच्या मुलाला.” ही बाई इथल्याच निफाड तालुक्यातली. फोनवर स्वतःच्या आईशी ती कुठल्या भाषेत बोलत असेल? मला शिसारी आली. त्या हसण्याची, त्या गुळगुळीत हॉलची, चहाबरोबर फिरणाऱ्या कुकीजचीसुद्धा.

तेवढ्यात सान्वी उभी राहिली, माझ्याच वर्गातली. “टीचर, मग मला ए कशाचा?” आईनं तिला दंडाला धरून खाली बसवलं.

मी ए टाकले नाहीत. नोकरी गेली. ए दुसऱ्या कुणीतरी टाकले आणि पेढे वाटले गेले. सान्वीलाही ए मिळाला असणार.

अण्णा फोनवर म्हणाले, “ये परत. हितं बघू कायतरी.” गेले नाही. आता नाशिकमध्येच, सातपूरच्या एका लहान शाळेत आहे. पगार कमी, पण सहावीला सगळे विषय होतात. तिथंही पहिल्याच आठवड्यात एका पालकानं विचारलं, “फाउंडेशन कधी सुरू करताय?”

इगतपुरीला गेले की मला सगळं गोड लागतं, पाहुणीला लागतं तसं. किळस येते ती नाशिकला उतरल्यावर, चौकातले क्लासचे फ्लेक्स बघून. परक्या गावाचं एवढं कुणी जिवाला लावून घेत नाही. घर बदललंय माझं.