एकतीस जुलैचा फळा

देवापुढं निरांजन लावून झालं की पद्मा खडू घेऊन खाली उतरायची. बडोद्याच्या गोत्री भागातल्या त्यांच्या सोसायटीच्या फळ्यावर ‘आजच्या दिवशी’ लिहायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. एकाच तारखेला जगात कुठं काय काय झालं, याचं तिला लहानपणापासून भारी कुतूहल. कुणी गादीवर बसलं, कुणी शोध लावला, आणि एकमेकांना पत्ता नाही! शेवटी हसवणारी एक ओळ ती आपल्या मनची घालायची. नियम मात्र कडक होता: घरच्यांची नावं फळ्यावर नाहीत. लेकीचा, अवंतीचा वाढदिवससुद्धा तिनं कधी लिहिला नाही.

जुलै संपत आला तसा तिचा नवरा सुभाष घुटमळायला लागला. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमधून तो एकतीसला निवृत्त व्हायचा होता.

“एकतीसला काय काय झालंय गं?”

“एकाहत्तर साली माणसानं चंद्रावर पहिल्यांदा गाडी चालवली.”

“आणखी?”

“ऐंशी साली रफीसाहेब गेले.”

“बरं,” म्हणून तो पेपरात तोंड घालायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा माणूस खरं काय विचारतोय, ते पद्माच्या उशिरा लक्षात आलं. “घरी बसल्यावर मला कोण विचारणार?” असं तो एकदाच बोलला होता, तेही हसत.

एकतीसला तिनं चंद्र लिहिला, रफीसाहेब लिहिले, आणि खाली मोठ्या अक्षरात: ‘उद्यापासून सुभाषराव पूर्णवेळ नवरा!’ आता अवंती भांडणार, हे ठरलेलंच.

सुभाष डबा घेऊन खाली आला. वाचून गालात हसला. तेवढ्यात तळमजल्याच्या दीप्तीबेन दुधाची पिशवी घेऊन आल्या आणि अक्षर लावत वाचायला लागल्या.

“अरे पद्माबेन, आवुं लखाय? नवरा एटले तो कामधंधा वगरना!”

पद्मानं ती ओळ पुन्हा वाचली. गुजरातीत नवरा म्हणजे रिकामटेकडा, हे जन्म बडोद्यात काढलेल्या बाईला काय ठाऊक नव्हतं? पण लिहिताना नुसती मराठीच डोक्यात. आणि ज्या शब्दाची त्याला धास्ती, नेमका तोच आपण चारचौघांत लिहून बसलो!

“पुसते हो,” म्हणत ती पुढं झाली.

“थांब.” सुभाषनं डबा तिच्या हातात दिला, खडू घेतला आणि त्या ओळीखाली सावकाश लिहिलं:

‘सूचना: वरील मजकूर गुजरातीत वाचू नये. हुकमावरून, नवरा.’