बोळातली भिंत

गेल्या साली ऊसतोडीहून आलो, तर आमच्या घराकडं जायच्या बोळात नवी भिंत उभी! चुलत दिरानं घर वाढवलं अन् निम्मा बोळ आत घेतला. आमी सहा महिने कारखान्यावर, बघायला कोण होतं? माणूस अंग चोरून जाईल एवढी जागा ठेवलती. बैल बिचारे तोंडाशीच थांबले.

"ग्रामपंचायतीची परवानगी हाय," दीर पायरीवरून म्हणला.

"बोळ दोघांचा हाय. मला कावून इचारलं न्हाई?" आमच्या मालकानं आवाज चढवला.

"तुमी गावात असता कुठं, दादा?"

हे ऐकलं अन् माझ्याच अंगाचा तिळपापड झाला, खोटं कशाला बोलू. आमी काय मजा मारायला गेलतो व्हय? थंडीत पाचटावर झोपतो पोटासाठी, अन् हा घरबसल्या आमची वाट खातो! मी तोंड सोडलं. जाऊबी काय कमी न्हाई, दिराची बायको शोभती. तिनं थेट माझं माहेर काढलं. आमच्या भांडणात मालकाकडं ध्यानच राहिलं न्हाई.

त्यांनी गाठोड्यातून कोयता ओढला. मी वरडायच्या आत तो दिराच्या खांद्यावर बसला. दीर खाली पडला, जाऊनं किंकाळी फोडली. संपलं सगळं. दीर गेला, मालक जेलात, लेकरं उघड्यावर.

पण रगत दिसंना. दीर खांदा धरून "आई गं, आई गं" करायला लागला. मालक हातातल्या कोयत्याकडं बघत उभे, तोंड पांढरंफट्ट. कोयता चिंध्यांत गुंडाळलेलाच होता! पट्टा पडला, म्हंजी कारखान्याचा हंगाम संपला, की आमच्यात कोयत्याला तेल लावून कापडात आवळून बांधत्यात, लेकरांच्या हाताला लागू नये म्हणून. मीच बांधलता. रागाच्या भरात मालकाला सोडायचं सुचलंच न्हाई. बरं झालं बाई, लई बरं झालं!

मालक मटकन खाली बसले अन् ढसाढसा रडले. "चुकलं रे माझं," एवढंच म्हणत राहिले. दिराचा खांदा सुजून वर आला, त्यावर मीच हळद गरम करून लावली. जाऊ पोलिसांत गेली न्हाई. पुढं सरपंचानं दोरी धरून बोळ मोजला. दिरानं भिंत काढली, अन् विटा उचलायला आमचे मालकच होते.

खंडेनवमीला हत्यारं पुजायला म्हणून मी कोयता सोडला. आतले सगळे पदर कापले गेलते. वरचा एकच धड राहिलता. ते कापड घेऊन तशीच उठून जाऊकडं गेले.

तिनं कापड उलटंपालटं करून बघितलं. "अक्का, ही माझीच साडी की! तुमाला चिंध्याला दिलती ती." डोळे पुसत आत गेली, अन् दुसरी जुनी साडी आणून माझ्या हातात कोंबली.

"औंदा ही न्या. अन् घट्ट बांधा, माय."