डॅकचा आवाज कमी पडून राह्यला

मंडळी, आज रिसोडच्या दालमिलमधून थकून घरी आलो अन् गाणं लावलं. मोबाईलमधलं डिजिटल गाणं स्पीकरवर वाजेल असं बदलून देणारा आपला डॅक आजही दबकाच वाजला. आवाज डॅकवर वाढवला, ॲम्पवर वाढवला, वायर बदलली. शेवटी वैतागून म्हटलं, "डॅक गेला वाटते."

बायको सैपाकघरातून ओरडली, "कायचा गेला? आधी आवाज बारीक करा! मिलमधून आले की रोज थोडा थोडा वाढवून राह्यले तुमी."

पोरीकडे पाह्यलं. ती कानात बोटं घालून अभ्यास करत होती.

सगळं बंद केलं. तरी मिलची घरघर कानात चालूच.

तुमच्यापैकी कोणी डॅक बदलायच्या आधी कान तपासून घेतले काय?