मनोगताचा फॉन्ट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला मल्टिमीडिया सीडी काढायची, असं संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं, तेव्हा मल्टिमीडिया म्हणजे काय हे शाळेत कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. मलाही निम्मंच. वसईच्या त्या शाळेत मी तीन वर्षं तात्पुरती संगणक शिक्षिका होते. अध्यक्ष म्हणाले, "सीडी झकास होऊ दे, मग कायम करण्याच्या पत्रावर सही." टाइप झालेलं पत्र त्यांच्या टेबलावर पडलेलं मी पाहिलं होतं.

विरारच्या क्लासमध्ये मी एवढंच शिकले होते, की या कामात एका सॉफ्टवेअरने भागत नाही. फोटो साफ करायला एक, आवाज कापायला दुसरं, व्हिडिओ जोडायला तिसरं, अक्षरं गरगर फिरवायला चौथं, आणि सगळ्यांचं काम एकत्र मांडून वर बटणं बसवायला पाचवं. त्याला ऑथरिंग म्हणत. हे पाचवं स्वतः काहीच घडवत नाही, इतरांनी केलेलं दिमाखात सादर करतं. असं पद बऱ्याच संस्थांमध्ये असतं.

जुन्या शिक्षकांची नावं मी फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून त्यांचं चित्रच करून टाकलं होतं. चित्र कुठल्याही मशीनवर तसंच दिसतं. अध्यक्षांच्या मनोगताचं मात्र तसं करता येईना, कारण ते रोज बदलत होतं. सोमवारी नावामागे 'समाजसेवक', मंगळवारी 'शिक्षणमहर्षी', बुधवारी दोन्ही. शेवटी कंटाळून ते पान मी थेट ऑथरिंगमध्ये टाइप केलं. बदलायला सोपं.

कार्यक्रमाच्या सकाळी अध्यक्षांची नजर शाळेच्या कॉम्प्युटरवर गेली. "हा पिवळट डबा स्टेजवर? पाहुणे काय म्हणतील?" त्यांनी प्रोजेक्टरवाल्याकडून काळा, नवाकोरा मागवला.

पाहुणे यायला वीस मिनिटं होती. मी नव्या मशीनमध्ये सीडी घातली. प्रत्येक पान म्हणजे एक पडदा; अकरा पडदे नीट गेले. बाराव्यावर अध्यक्षांचा फोटो आला आणि शेजारी, मनोगताच्या जागी, डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं, टक्क्याच्या खुणा. तेव्हा मशीनमध्ये तोच फॉन्ट असेल तरच मराठी मराठीत दिसायचं. फॉन्ट पिवळ्या डब्यात होता.

आमचे शिपाईमामा पाचूबंदरच्या कोळीवाड्यातले. पडद्याकडे बघून म्हणाले, "साहेबांचं नाव पान्यात पडलं काय, मॅडम?"

"हसू नका, मामा. माझ्या खणात फॉन्टची निळी फ्लॉपी आहे. पळा."

"पलतो. पन कॉम्प्युटरच्या खोलीची चावी हेडबाईंकडं, आन् हेडबाई गेटवर हार घेऊन उभ्या."

मामा गेले आणि पाहुणे आले.

मी पडदे लांबवायला लागले. एकेका फोटोवर थांबायचं, तोच आवाज पुन्हा वाजवायचा. लोक जुने मास्तर ओळखून टाळ्या वाजवत होते. आठवा, नववा. दारात मामांचा पत्ता नाही. पहिल्या रांगेतून अध्यक्ष म्हणाले, "पुढे घ्या, मॅडम, पुढे." मग पाहुण्यांकडे वळून, "आता आमचं मनोगत येईल."

तेरावं बटण दाबून बारावा पडदा गाळता आला असता. पण मग पत्रही गळलं असतं. मी बारावं दाबलं.

प्रमुख पाहुण्यांच्या हातातला माइक चालूच होता, त्यामुळे त्यांची कुजबुज सगळ्यांना ऐकू आली. "हे काय, पोर्तुगीज का?"

अध्यक्षांनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या फादरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

अध्यक्षांनी माइक हातात घेतला. "होय. पोर्तुगीजांच्या किल्ल्याच्या गावाला साजेसं. आमच्या मॅडमची कल्पना."

टाळ्या पडल्या. दारात मामा धापा टाकत निळी फ्लॉपी हलवत होते. मी मानेनेच नको म्हटलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बोलावलं. पत्र समोर होतं, पेनाचं टोपण मात्र बंद.

"काय लिहिलं होतं त्यात?"

"तुमचं मनोगत, साहेब."

"पोर्तुगीजमध्ये?"

"काल तुम्हीच म्हणालात."

त्यांनी पेन उचललं. "आपल्या शाळेत ती भाषा कोणी वाचतं?"

"नाही, साहेब."

त्यांनी टोपण काढलं, सही केली आणि पत्र माझ्याकडे सरकवलं. हात मात्र पत्रावरच ठेवला. "पालकांना वाटायच्या सीड्या राहू द्या. त्यांचं काय करायचं ते मामा बघतील."

पुढच्या महिन्यात मी पाचूबंदरला मासळी आणायला गेले. वाळत घातलेल्या बोंबलांवर आमच्या सीड्या दोऱ्याने टांगलेल्या होत्या आणि उन्हात गरगर फिरत होत्या. मामांनी लांबूनच हात केला. "एक कावला येत नाय, मॅडम! साहेबांचं मनोगत कामाला आलं."