उजव्या हाताचा ठराव

मी दवाखान्यात नर्स होते तेव्हाची ही बाई. घाटनांदूरकडची, दूध संस्थेची संचालिका. छातीचा आकार वाढवायचं ऑपरेशन तिनं "मालकासाठी न्हाई, माझ्या आरशासाठी" करून घेतलं होतं. तपासणीला आली तीच तणतणत.

"डॉक्टरबाई, उजवी बाजू खाली काहून?"

"सूज आहे. काही महिने थांबा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"दोन वर्षं पावसासाठी थांबले, आता ह्याच्यासाठी बी?"

"बरं, हात वर करा बघू."

सभेत ठरावाला हात वर करायची सवय. तिनं उजवा तेवढा उंचावला नि ओरडली, "मंजूर!"

आरशात दोन्ही बाजू एका रेषेत आल्या. तिचा चेहरा खुलला.

"सूज उतरेस्तोवर असाच ठेवते."

तशीच हात वर धरून ती रस्त्यावर गेली. लगेच दोन रिक्षा येऊन थांबल्या.